स्वभावाला औषध नसते काय?

‘स्वभावाला औषध नाही’ अशी एक म्हण मराठीत रूढ आहे. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही दुसरी. या दोन म्हणी एकत्र आल्या म्हणजे एखाद्या मुलाचा निकाल त्याच्या दहाव्या-बाराव्या वर्षीच लागून जातो. पाय वाकडे दिसले, आणि त्यांवर औषध तर नाही. मग उरते काय? शिक्षा, उपेक्षा किंवा देवऋषी. अलीकडे या यादीत एका नव्या शब्दाची भर पडली आहे. तो शब्द ‘व्यक्तिमत्त्व विकार’ हा होय. त्रासदायक वागणाऱ्या मुलाचे आईवडील हा शब्द कोठून तरी ऐकतात, भ्रमणध्वनीवर त्याची लक्षणे वाचतात आणि आपल्या मुलाला तीच लक्षणे लावून पाहतात. त्यांच्या मनातील शंका खरी असते आणि भीतीही खरी असते. या शंकेचा विचार शांतपणे कसा करावा, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

एक कुटुंब

उदाहरणादाखल एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. तालुक्याच्या गावापासून काही कोसांवर त्यांचे घर आहे. तीन एकर जिरायत जमीन, दोन म्हशी, घरात आईवडील, आजी आणि दोन मुले. थोरला मुलगा चौदा वर्षांचा असून नववीत शिकतो. गेल्या दोन वर्षांत त्याने वर्गात मारामाऱ्या केल्या, एकदा बाक मोडला, शिक्षकांना उलट उत्तरे दिली, घरातील पैसे न विचारता घेतले आणि दोनदा तो रात्रभर घराबाहेर राहिला. मुख्याध्यापकांनी दाखला काढून नेण्याचे सुचविले आहे. पुण्यास परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या भाचीने ‘व्यक्तिमत्त्व विकार’ हा शब्द सांगितला, आणि तो शब्द घेऊन आईवडील जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांसमोर बसले आहेत. वडील विचारतात, “साहेब, याला काही आजार आहे, का याचा पिंडच असा? काय ते एकदा सांगून टाका.”

जाणता तज्ज्ञ या प्रश्नाचे उत्तर लगेच देत नाही. तो उलट तीन प्रश्न विचारतो. हे केव्हापासून चालू आहे? हे कोठे कोठे घडते? आणि हे कोणाकोणाबरोबर घडते? या तीन साध्या प्रश्नांतच विषयाचे मर्म आहे.

व्यक्तिमत्त्व विकार म्हणजे काय

स्वतःकडे पाहण्याची, इतरांशी नाते जोडण्याची आणि भावनांना आवर घालण्याची प्रत्येकाची एक ठरावीक रीत असते. तिलाच सामान्यतः व्यक्तिमत्त्व म्हणतात. कोणी संकोची असतो, कोणी तापट, कोणी हट्टी. एवढ्याने तो आजारी ठरत नाही. ही रीत जेव्हा इतकी ताठर बनते, की घर, शाळा, मैत्री, काम अशा जीवनाच्या अनेक क्षेत्रांत ती त्या व्यक्तीला व तिच्या माणसांना सतत दुःख देते, आणि हे काही महिने नव्हे तर वर्षानुवर्षे टिकते, तेव्हाच विकाराचा विचार करावयाचा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये संमत केली आणि ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. या आवृत्तीत व्यक्तिमत्त्व विकारांची मांडणी बदलली आहे. पूर्वी त्यांचे निरनिराळे प्रकार व निरनिराळी नावे होती. आता मुख्य प्रश्न तीव्रतेचा मानला जातो: सौम्य, मध्यम की तीव्र? आणि हे दोष साधारणतः दोन वर्षे किंवा अधिक काळ टिकलेले असावेत, अशी अपेक्षा आहे. पौगंडावस्थेपूर्वीच्या मुलांच्या बाबतीत हे निदान सहसा करू नये, असेही मार्गदर्शन आहे. आधीच्या, म्हणजे दहाव्या आवृत्तीत तर सोळा-सतरा वर्षांच्या आत हे निदान उचित ठरण्याची शक्यता कमीच, असे म्हटले होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या २०१३ सालच्या नियमावलीनुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या बाबतीत लक्षणे किमान एक वर्ष टिकलेली असावी लागतात; आणि समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार हे निदान तर अठराव्या वर्षापूर्वी करताच येत नाही.

हा सावधपणा अकारण नाही. पौगंडावस्थेत शरीर झपाट्याने वाढते. पण विचार करून थांबण्याची, परिणाम तोलण्याची शक्ती ज्यावर अवलंबून असते, तो मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो. चौदाव्या वर्षीचा संताप, लहर आणि बेफिकिरी हा अनेकदा त्या वयाचा भाग असतो. अर्धवट बांधलेल्या घराला गळके म्हणण्याची घाई करू नये, इतकाच याचा अर्थ.

तीन प्रश्नांची उत्तरे

आता त्या कुटुंबाकडे परत यावे. ‘केव्हापासून?’ या प्रश्नावर आई आठवून सांगते, की चौथीपर्यंत मुलाविषयी कोणाची तक्रार नव्हती. पाचवीपासून तो शाळेला टाळाटाळ करू लागला. सातवीत असताना आजोबा वारले आणि त्यानंतर त्याचे बिनसले. ‘कोठे?’ या प्रश्नावर वडील म्हणतात, की शाळेत आणि शाळेच्या दिवशी घरी. सुट्टीत तो पुष्कळ बरा असतो. ‘कोणाबरोबर?’ हा प्रश्न ऐकल्यावर आजवर गप्प असलेली आजी बोलते. तिच्याशी तो कधी उद्धटपणे वागलेला नाही. म्हैस व्याली तेव्हा तो रात्रभर गोठ्यात बसून होता.

जे दोष सर्व ठिकाणी, सर्वांशी आणि दीर्घकाळ दिसतात, त्यांविषयी तज्ज्ञ व्यक्तिमत्त्वाच्या अंगाने विचार करतो. येथे तसे दिसत नाही. दोषाला सुरुवात आहे, जागा आहे आणि अपवादही आहेत. ज्या मुलाच्या वागण्याला अपवाद असतात, त्याच्या वागण्याला कारणही असते. ते शोधणे हे पुढचे काम होय.

त्रासामागे दडलेली कारणे

बेशिस्त या एका शब्दाखाली कितीतरी वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिली शारीरिक. कमी ऐकू येणारे मूल सांगितलेले करीत नाही आणि हट्टी ठरते. फळ्यावरचे न दिसणारे मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावते आणि लबाड ठरते. अपस्माराच्या एका प्रकारात मूल काही क्षण शून्यात पाहत राहते आणि लक्ष नसल्याबद्दल मार खाते. रक्तक्षय, थायरॉइडचे दोष, अपुरी झोप यांचाही परिणाम स्वभावावर होतो.

दुसरे कारण अध्ययन अक्षमतेचे. बुद्धी चांगली असूनही अक्षरे ओळखणे, ओळी वाचणे किंवा गणित मांडणे काही मुलांना फार जड जाते. चौथीपर्यंत पाठांतरावर निभावते. पाचवीनंतर पुस्तके मोठी होतात आणि मूल उघडे पडते. वर्गात मोठ्याने वाचावयास उभे केल्यावर हसे होण्यापेक्षा बाक मोडून वर्गाबाहेर जाणे अशा मुलाला सोपे वाटते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांना माध्यमिक शालान्त परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. अवधान-न्यूनता व अतिचंचलता हा विकार तिसरा. अशी मुले मुद्दाम त्रास देत नाहीत; त्यांना थांबताच येत नाही. त्याचप्रमाणे स्वमग्नतेच्या सौम्य छटा असलेले मूल लोकांना तुसडे वाटते.

चौथे कारण मनाच्या दुःखाचे. मोठ्यांचे नैराश्य डोळ्यांतून वाहते. मुलांचे नैराश्य पुष्कळदा हाता-पायांतून बाहेर पडते. ते चिडतात, मारतात, पळून जातात. घरातील मृत्यू, दारू, मारहाण, कर्जाची चिंता हे सारे मूल पाहत असते. ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर फडावर जाणारे किंवा सहा-सहा महिने त्यांच्यावाचून गावी राहणारे मूल दर वर्षी एकदा तुटते व एकदा जोडले जाते. आणि जी शंका घेण्यास मन धजत नाही तीही घेतली पाहिजे: एकाएकी बदललेल्या मुलावर किंवा मुलीवर कोणी लैंगिक अत्याचार तर केलेला नाही ना? अशा अपराधांसाठी २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे आणि अपराधाची माहिती असूनही ती न कळविणे हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. पाचवे कारण व्यसनाचे. तंबाखू, गुटखा, दारू यांचा शिरकाव आता शाळकरी वयात होतो.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेच्या नेतृत्वाखाली बारा राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. या सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलामुलींत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. चाळीस मुलांच्या वर्गाचा विचार केला तर सरासरीने तीन मुले. हे प्रमाण जमेस धरले, तर प्रत्येक माध्यमिक शिक्षकाच्या समोर अशी मुले रोज बसलेली असतात, असे म्हणावे लागते.

पुढे काय होते

आईवडिलांची खरी भीती आजची नसते; उद्याची असते. हा पुढे गुन्हेगार होईल काय? या प्रश्नावर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील सेंट लुई शहराच्या बालमार्गदर्शन केंद्रात आलेल्या ५२४ मुलांचा सुमारे तीस वर्षांनंतर शोध घेऊन ली रॉबिन्स या विदुषीने १९६६ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. समाजविघातक वर्तन असणाऱ्या बहुतेक प्रौढांचे बालपणही तसेच होते, हे तिला आढळले. पण उलट बाजू अधिक महत्त्वाची आहे: तसे बालपण असलेल्या मुलांपैकी बहुसंख्य मुले पुढे तशी झाली नाहीत. न्यूझीलंडमधील ड्यूनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ बालकांचा अभ्यास आजही चालू आहे. त्याचा आधार घेऊन टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दोन वाटा दाखवून दिल्या. एक वाट अगदी लहानपणी सुरू होते आणि पुढे दीर्घकाळ चालते, ती थोड्यांची. दुसरी पौगंडावस्थेत सुरू होते आणि बहुधा तिच्याबरोबरच ओसरते, ती पुष्कळांची. म्हणून ‘केव्हापासून?’ या प्रश्नाला इतके मोल आहे.

दोष कोणाचा, हा प्रश्नही घरोघरी छळतो. न्यूयॉर्क येथे १९५६ पासून अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दांपत्याने अर्भकांच्या स्वभावाचा अभ्यास केला. काही मुले जन्मतःच अवघड असतात, आणि अवघड मुलाचे पुढे काय होते हे त्याच्या स्वभावाचा व भोवतालच्या माणसांच्या अपेक्षांचा मेळ बसतो की नाही यावर पुष्कळसे ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. आईवर खापर फोडण्याची आपल्याकडील रीत या निष्कर्षापुढे टिकत नाही.

शब्दाला भिऊही नये

याचा अर्थ असा नव्हे, की विकार हा शब्द किशोरवयात कधीच उच्चारू नये. एखादी सतरा वर्षांची मुलगी दोन-तीन वर्षे सतत भावनांच्या भोवऱ्यात असते. आज जिवलग असलेली मैत्रीण उद्या शत्रू वाटते, आपल्याला सगळे सोडून जातील ही भीती तिला क्षणभर सोडत नाही आणि ती हातावर पात्याने जखमा करून घेते. ‘नाटके करते’ असे म्हणून तिला टाळणे, किंवा ‘वय आहे, जाईल’ म्हणून थांबणे, हे दोन्ही घातक आहे. अशा प्रसंगी योग्य तज्ज्ञाने, पूर्ण तपासणीनंतर, विकाराचे नाव घेणे हे उपचाराचे दार उघडणे ठरते.

आणि उपचार आहे. मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषीने विकसित केलेल्या व १९९१ मध्ये परिणाम प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत रुग्णाला भावना सोसण्याची व संकटाचा क्षण टाळण्याची कौशल्ये शिकविली जातात. गोळ्यांचा उपयोग सोबतच्या नैराश्यासारख्या आजारांसाठी होतो. मूळ काम संवादाचे, सरावाचे व चिकाटीचे असते. अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयातील २९० रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा १९९२ मध्ये सुरू झाला. दहा वर्षांच्या आत त्यांतील मोठ्या बहुसंख्येची तीव्र लक्षणे ओसरली. नोकरी व नातेसंबंध सावरावयास मात्र अधिक वेळ लागला. स्वभाव एका रात्रीत बदलत नाही, पण तो दगडही नसतो.

घरात काय करावे

तज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी आईवडिलांनी एक साधी वही घालावी. कोणता प्रसंग घडला, त्याआधी काय झाले होते, नंतर घरच्यांनी काय केले, एवढेच तीन रकाने पुरेत. महिन्याभरात त्या वहीतून जे कळते ते तासभर विचारपूस करूनही कळत नाही. मुलाशी संतापाच्या भरात वाद घालू नये. राग उतरल्यावर बोलावे. नियम थोडे असावेत, पण ते आईचे एक व वडिलांचे दुसरे असे नसावेत. चुकीची नोंद दहादा होते. चांगल्या कृतीची एकदाही होत नाही, हा क्रम बदलावा. ‘तू वाईट आहेस’ आणि ‘तू हे वाईट केलेस’ या दोन वाक्यांत मुलाच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे.

एक सूचना मात्र उद्यावर टाकण्यासारखी नाही. मूल मरणाची भाषा बोलत असेल, स्वतःला इजा करून घेत असेल, तर ती धमकी समजू नये. त्याला सरळ, शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशकाची बाटली सहज हाताशी असते. ती कुलपात ठेवावी आणि किल्ली मोठ्यांजवळ असावी. संकटाचा क्षण पुष्कळदा अल्पकाळच टिकतो. त्या क्षणी साधन हाती लागले नाही, तर जीव वाचतो. पोलिसांच्या भीतीने असे प्रसंग लपवू नयेत. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ गृहीत धरतो आणि तिच्या उपचाराची जबाबदारी शासनावर टाकतो.

शाळा आणि गाव

शिक्षक हा मुलाला घराबाहेर रोज पाहणारा पहिला जाणता माणूस. निदान करणे हे त्याचे काम नव्हे. ‘हा मनोरुग्ण आहे’ असे वर्गात म्हणणे तर मुळीच नव्हे. काय दिसते ते नेमके सांगणे हे त्याचे काम. ‘उद्धट आहे’ असे न सांगता ‘वाचावयास उभे केले की बाहेर जातो’ असे त्याने सांगितले, तर तज्ज्ञाचे अर्धे काम होते. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी आहे. हा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. पण नववीतल्या मुलाची पाठ काही वेगळी नसते. दाखला देऊन मुलाला वाटेला लावल्याने शाळेची अडचण सुटते, मुलाची वाढते.

गावपातळीवर ग्रामपंचायत सदस्यांचा शब्द मोलाचा ठरतो. मूल झपाटले आहे असे सांगून त्याला मारहाण करणे, चटके देणे हे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. साखळदंडाने बांधून ठेवणे ही २०१७ च्या अधिनियमाने निषिद्ध केलेली गोष्ट आहे. परंतु कायद्याचा बडगा दाखविण्याआधी त्या घरी जाऊन, आरोग्यसेविका किंवा आशा कार्यकर्तीला बरोबर घेऊन, आईवडिलांना रुग्णालयाचा रस्ता दाखविणे अधिक हिताचे होय. ‘वेड्याचे घर’ असे नाव पडेल या भीतीने कितीतरी कुटुंबे वर्षानुवर्षे घरातच कुढत राहतात.

कोठे जावे

भारतात बालमार्गदर्शनाचे काम नवे नाही. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पूर्वरूपाने १९३७ मध्येच असे केंद्र सुरू केले होते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आणि जिल्हा कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. त्यामुळे आता पहिले दार जिल्हा रुग्णालयाचे आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा व अंगणवाड्यांत तपासणी करतात. शिक्षकाने आपली शंका त्यांच्या कानावर घालावी. दूरध्वनीवरून विनामूल्य सल्ला देणारी टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तथापि बहुसंख्य मुलांना दाखल करण्याची गरजच पडत नाही. क्वचित ती पडलीच, तर अल्पवयीनांना प्रौढांपासून वेगळे ठेवणे आणि पालकाने वा त्याने नेमलेल्या व्यक्तीने सोबत राहणे कायद्याने आवश्यक केले आहे.

उदाहरणातील त्या मुलाची श्रवणतपासणी होईल, वाचनाची चाचणी होईल, आजोबांविषयी त्याच्याशी कोणीतरी प्रथमच बोलेल. बहुधा वाचन-अक्षमता आढळेल आणि तिच्यावर साचलेले दुःखही. सहा महिन्यांनी तो आदर्श विद्यार्थी झालेला नसेल. कदाचित आणखी एखादी तक्रारही येईल. पण तो शाळेत असेल. वडिलांनी विचारलेल्या ‘काय ते एकदा सांगून टाका’ या प्रश्नाला तज्ज्ञाचे प्रामाणिक उत्तर इतकेच असते, की निकाल आज सांगता येत नाही आणि सांगूही नये. मुलगा अजून घडतो आहे, आणि त्याच्या घडण्यात घर, शाळा व गाव या तिघांचा हात आहे.

स्वभावाला बाटलीतले औषध नाही, हे खरे. पण वेळेवर घेतलेला शोध, योग्य उपचार आणि न सुटणारा माणसांचा हात हीही औषधेच आहेत, आणि ती गावोगाव पोहोचविणे हे आरोग्य खात्याइतकेच शिक्षकांचे व पंचायतीचेही कर्तव्य आहे.